हिवतापाचा निधी मध्येच तोडता येत नाही

1963 साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, वर्षभरात हिवतापाचे अवघे 17 रुग्ण सापडले. याच बेटावर 1934-35च्या साथीत ऐंशी हजारांच्या आसपास माणसे दगावली होती. घराघरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी, तापाच्या रुग्णांची रक्ततपासणी आणि हे सगळे नेटाने करणारी सरकारी यंत्रणा यांनी एका पिढीत चित्र पालटले. मग सरकारने हात आखडता घेतला. रुग्णच उरले नाहीत तर फवारणीवर खर्च कशाला, हा हिशेब तेव्हा कुणालाही पटला असता. 1968-69मध्ये साथ उसळली आणि पाच लाखांवर लोक आजारी पडले. हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळायला त्या देशाला 2016 साल उजाडावे लागले.

भारतातही तेच घडले, फक्त आकडे कैक पटींनी मोठे होते. 1953मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख लोक त्याने मरतात, असा अंदाज होता. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. 1965मध्ये एकाही मृत्यूची नोंद झाली नाही. पुढे कीटकनाशकांचा पुरवठा अपुरा पडू लागला, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, घरोघर फिरून रक्तनमुने गोळा करणारी व्यवस्था सैलावली. 1976मध्ये नोंदलेल्या रुग्णांचा आकडा 64 लाखांवर पोचला.

हे दोन देशांचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. 2012मध्ये संशोधकांनी गेल्या ऐंशी वर्षांतल्या अशा पुनरागमनांचा मागोवा घेतला. 61 देशांतल्या 75 घटना त्यांच्या हाती लागल्या. त्यांपैकी 68 घटनांत, म्हणजे दहापैकी नऊ वेळा, नियंत्रणाचा कार्यक्रम ढिला पडणे हे एक कारण होते. आणि कार्यक्रम ढिला पडण्यामागे सर्वाधिक वेळा आढळलेले कारण होते पैशाची चणचण. औषधाला दाद न देणारे परजीवी, कीटकनाशकाला न जुमानणारे डास, युद्धे, स्थलांतरे ही कारणेही होतीच. पण पैसा आटणे त्या सगळ्यांच्या पुढे होते.

म्हणून हिवतापासाठी सरकारांनी किती पैसे द्यावेत यापेक्षा ते कसे द्यावेत आणि कसे थांबवू नयेत, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या आजाराशी लढण्यासाठी सुरू केलेली मदत अचानक तोडणे म्हणजे नुसते थांबणे नव्हे. त्याने माणसे आधीपेक्षा जास्त धोक्यात येतात.

याचे कारण शरीरात आहे. जिथे हिवताप बारमाही आहे, तिथे लहानपणी वारंवार संसर्ग होऊनही जी मुले जगतात, त्यांच्यात हळूहळू एक अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती तयार होते. तिने संसर्ग टळत नाही, पण मृत्यू बहुतांशी टळतो. ही शक्ती टिकून राहते ती पुनःपुन्हा होणाऱ्या संसर्गामुळेच. तिची किंमत भयंकर असते, कारण ती कमवताना असंख्य मुले दगावतात. मच्छरदाण्या आणि फवारणी आली की संसर्ग कमी होतो, मुले वाचतात आणि ही प्रतिकारशक्ती तयार होण्याचे कारणच उरत नाही. हे चांगलेच आहे. पण सात-आठ वर्षांनी मच्छरदाण्या फाटल्या आणि नव्या आल्याच नाहीत, तर दहा वर्षांचा मुलगा या आजाराला असा सामोरा जातो की जणू तो त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटतो आहे. पूर्वी जे ओझे पाच वर्षांखालच्या मुलांवर होते, ते आता मोठ्या मुलांवर आणि तरुणांवरही येते. ज्याने पहिली मच्छरदाणी दिली, त्याने पुढच्या मच्छरदाणीचीही जबाबदारी घेतलेली असते, मग करारात तसे लिहिलेले असो वा नसो.

आता आजची स्थिती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2024मध्ये जगात हिवतापाचे 28 कोटी 20 लाख रुग्ण होते आणि 6 लाख 10 हजार मृत्यू झाले. यातले सुमारे 95 टक्के मृत्यू संघटनेच्या आफ्रिका विभागातले, आणि तिथल्या दर चार मृतांपैकी जवळपास तीन पाच वर्षांच्या आतली मुले. 2000 सालापासूनच्या प्रयत्नांनी सुमारे 1 कोटी 40 लाख मृत्यू टळले, असेही हीच संघटना सांगते. पण ही प्रगती 2015च्या सुमारास अडखळली. दर हजार लोकांमागे रुग्णांचे प्रमाण 2000 साली 79 होते, ते 2015पर्यंत 58वर आले आणि त्यानंतर 2023पर्यंत साठच्या आसपासच घुटमळत राहिले.

पैशाचेही तसेच. 2024मध्ये हिवतापाविरुद्ध जगभरात सुमारे 3.9 अब्ज डॉलर खर्च झाले. 2025साठी ठरवलेले उद्दिष्ट 9.3 अब्ज डॉलरचे होते. निम्म्याहून कमी पैशात हे काम चालले होते, आणि त्याच अवस्थेत 2025 साल आले. 2010 ते 2023 या काळातल्या जागतिक हिवताप निधीपैकी सुमारे 37 टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा होता. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 2005मध्ये सुरू केलेला हिवतापविरोधी कार्यक्रम हा त्या देशाने जगासाठी केलेल्या सर्वोत्तम कामांपैकी एक होता, असे मी बिनदिक्कत म्हणेन. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. जुलैपर्यंत तिची मदतसंस्था, यूएसएड, बंद झाली. जीव वाचवणाऱ्या कामांना सवलत मिळेल असे मधल्या काळात जाहीर झाले, पण करार रद्द झालेले, माणसे कामावरून गेलेली, माल गोदामांत अडकलेला. अशा वेळी कागदावरची सवलत गावापर्यंत पोचत नाही.

इथे हंगामाचे गणित समजून घ्यायला हवे, कारण मंत्रालयांतून ते दिसत नाही. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, हिवतापाचा जोर पावसाळ्यातल्या काही महिन्यांत एकवटलेला असतो. त्या महिन्यांत लहान मुलांना महिन्यातून एकदा प्रतिबंधक औषध दिले तर बहुतेक मुले त्या हंगामातून सुखरूप पार पडतात. 2023मध्ये 5 कोटी 30 लाख मुलांना असे औषध दिले गेले. यासाठी गोळ्या पावसाआधी बंदरात उतराव्या लागतात, तिथून जिल्ह्यात जाव्या लागतात, गावोगावच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण द्यावे लागते. निधी तीन महिने उशिरा आला तर हिशेबाच्या वहीत तो ‘आला’ असेच दिसते. मुलांच्या दृष्टीने तो आलेलाच नसतो. पाऊस पडून गेलेला असतो. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचे वाटप साधारण तीन वर्षांनी होते, कारण त्यांचे आयुष्य तेवढेच, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. एक वाटप चुकले की लाखो घरे एकाच वेळी उघडी पडतात.

अमेरिकेला एकटीला दोष देऊन भागणार नाही. हिवतापासाठी देशादेशांत जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय पैशाचा सर्वांत मोठा हिस्सा ज्यातून जातो, त्या ग्लोबल फंडाने 2025च्या मध्यात आधीच मंजूर झालेल्या, सुरू असलेल्या अनुदानांतून 1.43 अब्ज डॉलर कापले. देणगीदारांनी कबूल केलेली रक्कम पुरेशी हातात येत नव्हती. नोव्हेंबर 2025मध्ये जोहान्सबर्गला पुढच्या फेरीसाठी वचने गोळा झाली तेव्हा मागणी 18 अब्ज डॉलरची होती आणि वचने आली 11.34 अब्जांची. अमेरिकेने आधीच्या सहा अब्जांऐवजी 4.6 अब्ज कबूल केले. ब्रिटन आणि जर्मनी यांनीही आपापले आकडे खाली आणले. हा निधी क्षय आणि एड्ससाठीही असतो. म्हणजे ताटात आधीच कमी होते आणि जेवणारे तिघे आहेत.

सरकारांनीच हे का करावे, दानशूर माणसे आणि संस्था आहेत ना, असे विचारले जाते. मोठ्या खाजगी प्रतिष्ठानांनी या कामात खरोखर मोलाची भर घातली आहे. पण हिवताप जिथून गेला, तिथून तो सरकारी कामाने गेला. इटलीने विसाव्या शतकाच्या तोंडावर कायदा करून सरकारी क्विनाइन स्वस्तात उपलब्ध केले. ते तंबाखूच्या दुकानांतून विकले जाई, कारण तेवढी एकच सरकारी विक्रीव्यवस्था खेड्यापर्यंत पोचलेली होती. अमेरिकेतून 1951च्या सुमारास हिवताप हद्दपार झाला, आणि आज साथरोगांसाठी जगभर ओळखली जाणारी तिथली सीडीसी ही संस्था 1946मध्ये उभी राहिली ती युद्धकाळातल्या हिवताप नियंत्रण कार्यालयातूनच. चीनमध्ये 1940च्या दशकात वर्षाला तीन कोटी रुग्ण असत. 2021मध्ये तो देश हिवतापमुक्त ठरला. तिथे एक नियम होता: रुग्ण सापडला की एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या वस्तीत बंदोबस्त. सीमेवरच्या खेड्यातही हा नियम पाळायचा तर प्रत्येक ठिकाणी पगारी माणूस हवा, प्रयोगशाळा हवी आणि रुग्ण शून्यावर आल्यावरही ती चालू ठेवणारे अंदाजपत्रक हवे. असा बंदोबस्त देणगीवर उभा राहत नाही.

औषधांचेही असेच आहे. आज जगभर वापरले जाणारे आर्टेमिसिनिन सापडले ते 1967मध्ये चीन सरकारने सुरू केलेल्या गुप्त लष्करी प्रकल्पातून, ज्यातल्या कामाबद्दल चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना पुढे 2015चे नोबेल मिळाले. पहिल्या लसीवर, आरटीएस,एसवर, काम सुरू झाले 1987मध्ये, एका औषध कंपनीने अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेच्या साथीने. तिची शिफारस व्हायला ऑक्टोबर 2021 उजाडले. चौतीस वर्षे. ज्या आजाराच्या रुग्णांकडे पैसे नाहीत, त्या आजारासाठी इतका काळ थांबण्याची ऐपत बाजाराकडे नसते.

आणि आता लस आली आहेच, तर मच्छरदाण्यांचा खर्च कमी करू, असा सूर ऐकू येतो. लसींविषयी मला मनापासून आनंद आहे. घाना, केनिया आणि मलावी इथल्या प्राथमिक वापरात लसीकरणास पात्र वयोगटातल्या मुलांचे एकूण मृत्यू 13 टक्क्यांनी घटले. एका लसीने एवढा फरक पडणे ही साधी गोष्ट नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर21 ही दुसरी लस 2023मध्ये आली आणि तिने पुरवठ्याची अडचण पुष्कळ सोडवली. पण दोन्ही लसींचे चार डोस लागतात, त्यांचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, आणि दोन्हींची शिफारस मच्छरदाण्या व औषधांच्या जोडीने आहे, त्यांच्या जागी नाही. मच्छरदाण्यांचे मोल विसरणे परवडणारे नाही. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत टळलेल्या सुमारे 66 कोटी रुग्णांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक श्रेय मच्छरदाण्यांचे होते.

शिवाय समोरचा शत्रू थांबलेला नाही. रवांडा, युगांडा, टांझानिया आणि इरिट्रियात आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी आढळले आहेत. काही ठिकाणी परजीवीतले एक जनुकच नाहीसे झाल्याने नेहमीच्या झटपट चाचणीत तो पकडला जात नाही. मूल तापाने जळत असते आणि चाचणी निर्वाळा देते की हिवताप नाही. दक्षिण आशियातला अनॉफिलीस स्टीफन्सी हा डास शहरातल्या पाण्याच्या टाक्यांत सुखाने वाढतो. 2012मध्ये तो जिबूतीत आढळला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे 27 रुग्ण होते. 2020मध्ये 73 हजारांवर. आफ्रिकेतल्या वाढत्या शहरांसाठी याहून गंभीर इशारा क्वचितच असेल. अपुरा पैसा या सगळ्याला खतपाणी घालतो. नेहमीच्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाला डास दाद देत नाहीत हे ठाऊक असूनही स्वस्त पडतात म्हणून काही ठिकाणी त्याच मच्छरदाण्या घेतल्या जातात. टांझानिया आणि बेनिनमधल्या चाचण्यांत क्लोरफेनापायर या दुसऱ्या द्रव्याची जोड दिलेल्या मच्छरदाण्या स्पष्टपणे सरस ठरल्या, 2023मध्ये त्यांची शिफारसही झाली. त्या थोड्या महाग आहेत, एवढाच अडसर.

ज्या देशांत हिवताप आहे त्यांनीच आपला खर्च उचलावा, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. 2001मध्ये अबुजा इथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रक्कम आरोग्याला देण्याचे वचन दिले. फार थोड्या देशांनी ते कधी पाळले. 2025मध्ये अमेरिकेची मदत थांबताच नायजेरियाच्या संसदेने आरोग्यासाठी 20 कोटी डॉलरची जादा तरतूद केली. इच्छा असली की पैसा सापडतो, हे त्यातून दिसते, आणि तो आधी का सापडला नाही हे नायजेरियाच्या नागरिकांनी आपल्या सरकारला जरूर विचारावे. जगातले जवळपास तीस टक्के हिवताप-मृत्यू त्या एका देशात होतात.

पण हा आक्षेप घेणारे एक गोष्ट बाजूला ठेवतात. 2023च्या एकूण खर्चात हिवतापग्रस्त देशांचा वाटा एकतृतीयांशाहून थोडा अधिक होता, आणि अनेक गरीब देशांत सरकारचा आरोग्यावरचा खर्च वर्षाला माणशी दहा-वीस डॉलरच्या पलीकडे जात नाही. त्यातल्या कित्येकांचा कर्जाच्या व्याजावरचा खर्च आरोग्यापेक्षा जास्त आहे. अशा देशाला ‘उद्यापासून तुझे तू बघ’ म्हटल्याने तो स्वावलंबी होत नाही. जबाबदारी हळूहळू सोपवता येते, आणि ती कशी सोपवावी याचा नमुनाही समोर आहे. लसींसाठी मदत करणाऱ्या ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत देशाचे उत्पन्न वाढेल तसा त्याचा वाटा ठरलेल्या टप्प्यांनी वाढतो, आणि ते वेळापत्रक त्याला आधीच ठाऊक असते. इंडोनेशिया याच वाटेने गेला: कधीकाळी गावीची मदत घेणारा हा देश 2024मध्ये तिचा देणगीदार झाला. कुणी त्याला एका जानेवारीत वाऱ्यावर सोडले असते तर तो तिथे पोचला असता का?

भ्रष्टाचाराचा मुद्दाही टाळू नये. औषधे आणि मच्छरदाण्या चोरीला जातात, बाजारात विकल्या जातात. ग्लोबल फंडाचे स्वतःचे महानिरीक्षक कार्यालय असे प्रकार शोधून जाहीर करते, आणि ते जाहीर करते म्हणूनच आपल्याला कळतात. चोरी पकडायची तर मोजणी हवी. नेमकी तीच 2025मध्ये कापली गेली. कित्येक गरीब देशांत बालमृत्यू, मच्छरदाण्यांचा वापर, ताप आलेल्या मुलांवरचे उपचार यांची भरवशाची माहिती देणारी घरोघरची सर्वेक्षणे अमेरिकेच्या पैशावर चालत. ती फेब्रुवारीत थांबवली गेली. पैसा वाया जातो म्हणून मदत थांबवायची आणि तो वाया जातो की नाही हे मोजणारी व्यवस्थाही बंद करायची, याला काटकसर म्हणता येणार नाही. अशाने पुढची काही वर्षे किती मुले गेली हेसुद्धा नीट कळणार नाही, आणि जे कळत नाही त्यासाठी कोणतीही संसद पैसे मंजूर करत नाही.

या सगळ्यामुळे माझी मागणी मोठ्या रकमेपेक्षा एका नियमाची आहे. कोणत्याही देणगीदार सरकारने हिवतापाची मदत तीन वर्षांच्या पूर्वसूचनेशिवाय कमी करू नये, आणि ही अट घोषणेत नव्हे तर त्या देशाच्या कायद्यात असावी. तीन वर्षे यासाठी की मच्छरदाणीचे आयुष्य तेवढे असते. आज वाटलेली मच्छरदाणी फाटेपर्यंत दुसऱ्या कुणाला ती जागा घ्यायला वेळ मिळतो. सरकारे बदलतात, नव्या सरकारला आपले अग्रक्रम ठरवण्याचा हक्क आहे, तो या नियमाने हिरावला जात नाही. संरक्षण खरेदीचे आणि रस्तेबांधणीचे करार निवडणुका ओलांडून टिकतातच. मुलांच्या जिवाशी बांधलेला करार मात्र दर वर्षीच्या मर्जीवर का असावा? ज्या देशांत हिवताप आहे त्यांनीही याला जोडून एक वचन द्यावे: रुग्ण शून्यावर आल्यावरही निदान दहा वर्षे तपासणीची यंत्रणा मोडायची नाही. इजिप्त 2024मध्ये हिवतापमुक्त ठरला, जॉर्जिया, सुरिनाम आणि तिमोर-लेस्ते 2025मध्ये. आता त्यांच्या अर्थखात्यांत ‘हा विभाग अजून कशाला हवा’ असे विचारले जाईल, आणि त्या प्रश्नाला आजच लिखित उत्तर असायला हवे.

देणाऱ्यांची यादीही आता बदलायला हवी. हिवतापाशी यशस्वीपणे झुंजलेल्या चीनजवळ अनुभव आहे आणि पैसाही आहे. भारतातली अंदाजित रुग्णसंख्या 2017मधल्या 64 लाखांवरून 2023मध्ये 20 लाखांवर आली आणि 2024मध्ये सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून तो बाहेर पडला. एक लस इथल्याच कारखान्यात बनते. ग्लोबल फंडाचे साहाय्य वर्षानुवर्षे घेतलेल्या या देशाने पुढच्या फेरीत आपल्या ऐपतीला शोभेल असा आकडा ठेवावा, तो तीन वर्षांसाठी बांधून द्यावा, आणि तो कुठे खर्च झाला हे संसदेत विचारण्याचा पायंडा पाडावा.